परदेशी गेलेल्याचे दोन हंडे

वाळूजच्या कारखान्यात बिभीषणने बावीस वर्षं एकाच तऱ्हेचा सुटा भाग तपासला. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला वाटलं, आता बास. त्याने वर्षाची बिनपगारी रजा काढली, इंग्रजी शिकवायचा ऑनलाइन कोर्स केला आणि व्हिएतनामच्या एका शाळेत मास्तरकी मिळवली.

आता आपल्याकडे माणूस निघाला की सत्कार आलाच, आणि सत्काराला व्हिसाची वाट बघायची रीत नाही. सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब यांनी गच्चीवर शाल-श्रीफळ देऊन पाऊण तास भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी बिभीषण बॅग घेऊन मुंबईला गेला. तिथं कळलं, शाळेने भरतीच पुढं ढकलली. चौथ्या दिवशी भर दुपारी, सगळे उन्हाला दारं लावून बसलेले असताना, तो चोरासारखा आपलाच जिना चढला.

"महिनाभरात बोलावतील," तो बायकोला, शालूला म्हणाला. "तोवर कुणाला कळू देऊ नको."

शालूने कळू दिलं नाही. पण ते साल दोन हजार सोळाचं. शहराच्या कडेला, ते राहत त्या सातारा परिसरात इमारती भराभर उठल्या होत्या, नळ तेवढे यायचे राहिले होते. एक दिवसाआड टँकर, आणि पाणी माणशी दोन हंडे. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेबांनी पाण्याच्या यादीतून बिभीषणचं नाव उडवलं होतं.

म्हणजे दोन हंड्यांत दोघं. बिभीषण रोज दाढी करायचा, अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि कपाटापुढे उभा राहून तास घ्यायचा. मास्तर कसा टापटीप हवा! शालू ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची. कारखान्यात केसाएवढा ओरखडा हेरणाऱ्या या गृहस्थाला ते दिसलं नाही.

चाळिसाव्या दिवशी करमाडहून त्याची आई आवडाबाई आली. सून एकटी आहे, सोबत करावी म्हणून. मुलगा कपाटाला 'गुड मॉर्निंग' म्हणत होता.

"कधी आलास?"

"गेलोच नाय, आई."

आवडाबाईने त्याच्याकडं पाहिलं, मग सुनेच्या चिकट झालेल्या केसांकडं. "डोक्यावरून कधी न्हालीस गं?"

"झाले असतील अठरा दिवस, आत्याबाई."

बिभीषणचा चेहरा उतरला. खाली टँकर आला तसा त्याने रिकामे हंडे उचलले. 'परवाच परत आलो' हे वाक्य त्याने तीन मजले उतरता उतरता घोकलं.

रांगेत कुणी वळूनही पाहिलं नाही. आप्पासाहेब यादीवर पेन टेकवून म्हणाले, "बिभीषणराव, आजपासून तुमचं नाव लिहू का?"

"तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"समद्यांनाच. रोज सकाळी तुमचं इंग्रजी जिन्यात ऐकू येतं. पण सत्कार झालेला माणूस, तुम्हाला तोंडावर कसं इचारावं? म्हटलं, मान ठेवू."

"अन् शालूला दोनच हंडे दिले?"

"वहिनींना लई खोदून इचारलं. म्हणाल्या, ते तिकडंच हायेत, लई खुशीत हायेत."

बिभीषणची रांगेपुढची लाज आता गेली होती. जी वाटत होती ती वेगळीच होती. त्याने हंडे भरले आणि धापा टाकत वर आणले. शालू दाराशीच उभी होती. तिने त्याला घाईने आत ओढलं, दार लावून घेतलं आणि रोजच्या सवयीने दबक्या आवाजात विचारलं, "कुणी बघितलं तर नाही ना तुम्हाला?"