तळ्याला फुटलेलं रक्त

काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कालपरवापर्यंत हिरवं असलेलं खारं तळं लालभडक झालं होतं आणि महाराज गुडघाभर पाण्यात उभे राहून गरजत होते, "सांगितलं होतं ना, तळ्याला रक्त फुटेल? फुटलं! फेका ती औषधं! एक घोट, की रोग पसार!"

गर्दीत ताई होती. मूत्रपिंडं निकामी होत आलेली, पाय सुजून खांबासारखे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं आणि भाऊजी तिच्या ओठांना तळ्याच्या पाण्याचा पेला लावत होते.

ताईच्या धाकट्या बहिणीनं पेला हिसकावला. खाऱ्या तळ्यांतल्या सूक्ष्म शेवाळांच्या पेशींचे आकार ताडून पाहणं हेच तिचं प्रयोगशाळेतलं काम. "भाऊजी, हे रक्त नाही, शेवाळ आहे. यातलं मीठ तिचा जीव घेईल."

"तुझ्या डॉक्टरांनी तरी काय दिवे लावले?"

"राहू दे गं," ताई पुटपुटली. "मला बरं वाटतंय."

पेला रोज चालूच राहिला. आठवडाभरात ताई गेली. "श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

मग धाकटीनं सूक्ष्मदर्शक थेट काठावर मांडला. ओढा मिळतो तिथल्या कमी खारट पाण्याचा थेंब आधी दाखवला: हिरव्या, लांबट पेशी, केसासारख्या दोन शेपट्यांनी सुळसुळ पोहणाऱ्या. मग लाल पाण्याचा: जात तीच, पण पेशी फुगून गोल आणि लाल झालेल्या.

"ऊन तापलं, पाणी आटलं, खार वाढला की तग धरायला या पेशी हा रंग साठवतात. गाजरात असतो तोच. मी बरणीत मीठ वाढवून हेच केलंय. मंत्राशिवाय."

"मग महाराजांना आधी कसं कळलं?" एक बाई ओरडली.

"ते मिठागरात मुकादम होते. मिठाचे खडे धरण्याआधी पाणी लाल होतं, हे तिथे कुणालाही विचारा."

महाराजांनी काढता पाय घेतला. काहींनी बाटल्या ओतल्या. काहींनी गुपचूप पदराआड दडवल्या.

भाऊजी कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून होते. "हे तेव्हाच दाखवलं असतंस तर..."

"तेव्हा तुम्ही पाहिलं असतंत?"

त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

पुढच्या उन्हाळ्यात तळं पुन्हा लाल होईल, नवा महाराजही उगवेल. त्याला जरूर हात जोडा, पण तो औषध फेकायला सांगेल, तेव्हा निदान एकदा विचारा, "कशावरून?" माणूस जिवंत आहे तोवर विचारा.