सिस्टर हजर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको. विधानसभेत खडकमाळच्या दवाखान्याचा जो प्रश्न आला तो मी लिहिला होता, आणि मंत्र्यांनी त्याला जे उत्तर दिलं तेही मीच लिहिलं होतं. दोन्ही एकाच बॉलपेननं. आटपाडीच्या पंचायत समितीत आरोग्याच्या टेबलाला मी कनिष्ठ लिपिक. लागलो तसा कनिष्ठ, अजून कनिष्ठच, आणि ते बरोबरच आहे म्हणा.

बाळाबाई माझी थोरली बहीण. ती छप्पनच्या आधी जन्मली म्हणून बाळाबाई. मी घर बौद्ध झाल्यावर जन्मलो, म्हणून राजरत्न. मी शाळेत होतो तेव्हा आक्का दुसऱ्यांच्या रानात खुरपत होती, आणि माझी पुस्तकं तिच्या खुरप्यावर आली. पुढं मी नोकरीला चिकटलो आणि तिचा नवरा गेला. तेव्हा मीच खटपट करून तिला तिच्या सासरच्या गावात, खडकमाळच्या उपकेंद्रात, अर्धवेळ बाई म्हणून लावली.

अर्धवेळ हे बोलायला. कुलूप काढायचं, झाडायचं, पाणी भरायचं, लसीच्या दिवशी पोरं गोळा करायची, रात्री-अपरात्री बाळंतिणीच्या घरी जायचं. हे सगळं तिचंच. सिस्टरनं, म्हणजे नर्सबाईनं, नियमानं गावात राहायला पाहिजे. ती राहायची सांगलीला. सोमवारी यायची, तेही एसटी चुकली नाही तर. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, आमच्या ऑफिसलाही ठाऊक होतं, पण कागदावर कुणी आणलं नव्हतं.

मग साक्षरतेचे वर्ग निघाले. चाळिशी ओलांडलेली आक्का पाटी घेऊन बसली. दोन महिन्यांत अक्षरं लागली तिला, आणि कशी, मोत्यासारखी नव्हे पण ठाम, एकेक अक्षर कुदळीनं खणल्यासारखं. सिस्टरला बरंच झालं. म्हणाली, "बाळाबाई, रोज कुलूप काढलं की आधी हजेरीबुकात माझ्या नावापुढं 'हजर' लिहायचं, आठची वेळ टाकायची, मग झाडू हातात घ्यायचा. सह्या मी सोमवारी करीन." आक्काला वाटलं, आपल्यावर सरकारी वही सोपवली. मी गेलो की वही काढून दाखवायची. "बघ राजा, एकबी दिस कोरा न्हाई." मी बघायचो आणि हसायचो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही काय करतेय, आणि खरं सांगतो, कळलंही होतं. पण म्हटलं, जाऊ दे, केंद्राचं काम चोख दिसलं तर आज ना उद्या हिला कायम करतील.

पंच्याण्णवच्या ऑगस्टात स्वप्ना पहिल्या बाळंतपणाला आईकडं आली. आक्काची एकुलती एक. तासगावला दिलेली, नवरा बेदाण्याच्या शेडवर कामाला. त्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी आठला आक्कानं उपकेंद्राचं कुलूप काढलं, सवयीनं वहीत 'हजर' लिहिलं, आणि तेवढ्यात शेजारीण बोलवायला आली. पोरगी झाली दहाच्या सुमाराला. पोरगी चांगली होती. स्वप्नाचं रक्त थांबेना.

रक्त थांबायचं इंजेक्शन उपकेंद्राच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली आक्काच्या कमरेला होती. पण ते द्यायचं कसं, किती, कुठं, हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत असणारी बाई सांगलीत होती. आक्का ती बाटली हातात घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत पळत गेली, कदाचित सिस्टर आज आली असेल म्हणून. मग परत घरी. जीप मिळायला दोन तास गेले. आटपाडी चार मैलांवर राहिली असताना स्वप्ना गेली. जीपमध्ये मी नव्हतो. आक्का होती, मांडीवर डोकं घेऊन.

दिवसकार्य झाल्यावर आक्का मला म्हणाली, "राजा, मला कुणाचं काय नगं. नुकसानभरपाई नगं, सिस्टरचं वाईटबी नगं. सरकारनं निस्तं म्हणावं, व्हय, त्या दिशी बाई न्हवती. एवढंच. न्हाईतर समदी म्हणत्यात आईच दवाखान्यात असून पोरीला वाचवता आलं न्हाई."

हे म्हणणारी तिची विहीण होती. तोंडावर म्हणाली होती, तेराव्या दिवशी.

माझं डोकं फिरलं. आमदारांचे सगळे प्रश्न त्यांचे स्वीय सहायक नानासो गोळा करायचे, ते ओळखीचे. मी नोकरीत असल्यानं माझं नाव लावता येईना, पण नमुना मला पाठ. त्यांच्याच कागदावर लिहून दिला. खडकमाळ उपकेंद्रातील परिचारिका मुख्यालयी राहत नाहीत हे खरे आहे काय? असल्यास, दिनांक अठरा ऑगस्ट रोजी त्या गैरहजर असल्याने एका प्रसूत महिलेचा मृत्यू झाला हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नानासो म्हणाले, "फक्कड झालाय. नागपूरच्या अधिवेशनात लावतो." मी त्या दिवशी घरी छाती काढून गेलो.

डिसेंबरात एक दिवस अकरा वाजता जिल्ह्याहून फोन आला. तारांकित प्रश्न, माहिती पाचपर्यंत पाठवा. ज्यांनी नोकरी केली त्यांना हा फोन म्हणजे काय ते विचारा. चपराशापासून साहेबापर्यंत सगळ्यांची पळापळ. साहेब म्हणाले, "राजरत्न, हजेरीबुक घेऊन या."

मी एम-एटीवर खडकमाळला गेलो. आक्का नातीला पाळण्यात घालून केंद्राच्या पायरीवर बसलेली. नातीचं नाव माया ठेवलं होतं. विधानसभेसाठी वही पाहिजे म्हटल्यावर आक्काचा चेहरा उजळला. पदरानं वही पुसून दिली मला. "दाव साहेबास्नी. समदं लिवलंय मी."

वाटेत एका बाभळीखाली गाडी लावली आणि ऑगस्टचं पान उघडलं. अठरा तारीख. सिस्टर हजर, आठ वाजता. पुढं सिस्टरची सही.  आक्काला ते लिहिल्याचं आठवतही नसणार, रोज कुलूप काढल्यावर लिहायची तसंच लिहिलेलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. वही डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग म्हणाले, "हे अक्षर सिस्टरचं नाही." त्यांनी वही मिटली. "राजरत्न, दोनच रस्ते आहेत. वही खरी, तर सिस्टर हजर होत्या. वही खोटी, तर ज्यानं लिहिली त्याच्यावर सरकारी दप्तरात खोट्या नोंदी केल्याची केस. कुणी लिहिली, तुम्हाला माहीत आहे?"

घड्याळात साडेतीन झाले होते. मला एकच दिसत होतं, आक्का पोलिसांपुढं उभी, नोकरी गेलेली, पाळण्यात चार महिन्यांची पोर. मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब." ते म्हणाले, "मग लिहा." मी लिहिलं. एक, हे खरे नाही. दोन, हे खरे नाही. नोंदवहीनुसार परिचारिका त्या दिवशी सकाळी आठपासून हजर होत्या. तीन, प्रश्न उद्भवत नाही.

आठ दिवसांनी नानासोंनी विधानसभेच्या गॅलरीचे दोन पास पाठवले. मी आक्काला लय समजावलं, थंडी आहे, लांब आहे, पोर लहान आहे. ती ऐकते होय. मायाला शेजारणीकडं ठेवून, पांढरं पातळ नेसून, भाकरीचं गाठोडं घेऊन मिरज स्टेशनवर माझ्या आधी हजर. महाराष्ट्र एक्सप्रेसनं दिवसाहून जास्त प्रवास. दौंड गेलं, मनमाड गेलं, भुसावळ गेलं. प्रत्येक स्टेशनला मी ठरवायचो की गाडी सुटली की सांगायचं. ती खिडकीशी बसून विचारायची, "मंत्री उभा राहून बोलतो का बसून?" मी म्हणायचो, "उभा राहून."

गॅलरीत जाताना पिशवी, पेन, कागद सगळं काढून घेतात. बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कठड्यावर हात ठेवायचा नाही. आक्का पहिल्या रांगेत ताठ बसली. खाली दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या सूतगिरणीच्या कामगारांचं चाललं होतं, मग कुठल्या तरी भरतीचं, मग आमचा नंबर आला. आमदार उठले. माझीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकू आली. आक्कानं माझं मनगट धरलं.

मंत्री उठले. चष्मा लावला. "हे खरे नाही," म्हणाले. "हे खरे नाही. नोंदवहीनुसार परिचारिका त्या दिवशी सकाळी आठपासून हजर होत्या. प्रश्न उद्भवत नाही." आमदारांनी उपप्रश्न विचारला, बाई सांगलीत राहतात हे गावाला माहीत आहे, चौकशी करणार का? मंत्री म्हणाले, दप्तर तपासलेलं आहे, एकही दिवस कोरा नाही, उलट हे केंद्र तालुक्यात चांगलं आहे. पुढचा प्रश्न पुकारला गेला. सगळं मिळून तीन मिनिटं झाली नसतील.

आक्काच्या हाताची पकड सुटली. ती अगदी हळू म्हणाली, "आठ... आठ तर मी लिवलं व्हतं." गॅलरीतल्या शिपायानं ओठावर बोट ठेवलं. तिनं लगेच मान हलवली आणि गप्प बसली, शाळेतल्या पोरीसारखी.

बाहेर संत्र्याच्या गाड्यांपाशी उभी राहिली. रडली नाही. "ती वही तूच न्हेलीस न्हवं?"

"व्हय."

"पान बघितलं व्हतंस?"

"व्हय."

"आन् ते उत्तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. ऑफिसात बोललो होतो की. पण तिच्यापुढं जीभ वळेना. म्हटलं, "मीच लिवलं, आक्का. तुज्यावर केस झाली असती. नोकरी गेली असती."

"गेली असती तर गेली असती," ती म्हणाली. "मी पुन्यांदा खुरपं धरलं असतं. माजी पोरगी तरी खोटी पडली नसती." आणि थोड्या वेळानं, "पर तू तरी काय करशील. हात माजाच हाय." माझ्यावर ओरडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. परतीच्या गाडीत तिनं अर्धी भाकरी मला दिली, आणि मी ती खाल्ली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती रोज आठला कुलूप काढून वहीत 'सिस्टर गैरहजर' लिहू लागली. सोमवार सोडून रोज. सिस्टर चिडली, रडली, पाया पडली म्हणे. आक्का तिला चहा करून द्यायची आणि मंगळवारी पुन्हा 'गैरहजर'. महिनाभरात तक्रार ऑफिसात आली. अर्धवेळ बाईला वहीत नोंद करायचा अधिकार नाही, अनधिकृत नोंदी केल्या, सबब सेवा समाप्त. हे पत्र कोण टाइप करणार? टेबल माझं. मीच केलं. पोचवायलाही साहेबांनी मलाच पाठवलं, म्हणाले, घरचा माणूस असला की वाद होत नाही.

म्हणजे जी नोकरी वाचवायला मी स्वप्नाला दुसऱ्यांदा मारली, ती गेल्याचं पत्र मी माझ्याच खिशातून काढून आक्काच्या हातात ठेवलं.

तिनं पत्र एकेक अक्षर लावून वाचलं. किल्ल्या सोडून दिल्या, कपाटाची किल्ली सगळ्यात शेवटी. म्हणाली, "वहीबी न्हेणार?" मी मान हलवली. "थांब मग, आजचं ऱ्हायलंय." पायरीवर बसली, माया तिच्या मांडीवर पेनकडं हात करत होती. आक्कानं लिहिलं, वही मिटली आणि माझ्याकडं दिली. मी तिच्यासमोर उघडली नाही. त्याच बाभळीखाली उघडली. त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं होतं, सिस्टर गैरहजर. आणि खाली, तिच्या नावाला रकानाच नव्हता म्हणून समासात, बाळाबाई हजर. अकरा वर्षांच्या नोकरीत त्या वहीत तिनं स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं होतं.

साहेबांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, "एवढं फाडून टाका, उगाच कुणाच्या नजरेला पडायला नको."

मी म्हटलं, "पानांना नंबर आहेत साहेब. फाडता येत नाही."

खरं तर फाडता येतं. कितीतरी वह्यांतली पानं मी फाडलीत. पण तेवढं एक मी केलं नाही, आणि वही बांधून वरच्या फळीवर ठेवून दिली.