ओलांडलेली मोगरी

मित्रांनो, मी चिंचेच्या लाकडाची एक जुनी मोगरी आहे. कपडे बडवणारी नव्हे, माणसं ठोकणारी. घाबरू नका. आखडलेल्या स्नायूवर एक बोथट पाचर टेकवायची आणि तिच्या डोक्यावर मी हलके ठोके द्यायचे, एवढंच माझं काम. ठोका कातडीवर थांबत नाही, आत मुरतो. उत्तर थायलंडात, पिंग नदीकाठच्या आमच्या गावांत अंग असंच मोकळं करतात.

माझं झाड विहारामागे होतं. एकदा त्यावर वीज पडली. विजेनं मारलेल्या चिंचेतच गुण उतरतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून गावात हे काम करणाऱ्या इन्ताबाबांनी भिक्खूंकडून एक फांदी मागून घेतली आणि मला घडवलं. वीज पडली तेव्हा मला काही विशेष वाटलं नव्हतं. पण माझं मत कुणी विचारलं नाही.

इन्ताबाबांची सगळी विद्या कानात होती. मांसावर माझा आवाज जाड येतो, हाडाजवळ टणक. आवाज बदलला की त्यांचा हात आपोआप सरकायचा. मणका, मान, गुडघ्यामागची लवण, तिथे त्यांनी मला कधी नेलं नाही. लिचीसारखी लाँगनची फळं झाडांवरून उतरवायचे दिवस आले की शिडीवर हात वर करून करून खांदे धरलेल्या बाया आमच्या पडवीत ओळीनं बसत. जाताना मला नमस्कार करत. काम संपलं की मी, ही विद्या देऊन गेलेल्या गुरूंच्या उंच फळीवर, मोगऱ्याच्या फुलांत. म्हाताऱ्याचा स्वतःचा खांदा तेव्हापासूनच कुरकुरत होता. त्याकडे पाहायला त्यांना सवड नव्हती.

मग एका सकाळी त्यांची सून बुआखम वाफाळत्या भाताची मोठी टोपली छातीशी धरून पडवीतून गेली. पुढचं तिला दिसत नव्हतं. मी खाली पडले होते आणि ती मला ओलांडून गेली. गुरूंच्या वस्तूवरून पाय गेला की वस्तूतला गुण जातो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. इन्ताबाबा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पडला.

"मेली ती," माझ्याकडे बघून एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात मिरच्या ठेचू लागले. ओलांडलं तेव्हाही मला काही वाटलं नव्हतं, पण ते जाऊ द्या.

नव्या मोगरीसाठी पुन्हा चिंचेवर वीज पडायला हवी, आणि वीज काही कुणाच्या सांगण्यावरून पडत नाही. तोवर इन्ताबाबा नुसत्या अंगठ्यांनी आणि कोपरानं काम रेटत राहिले. शेवटी उजव्या खांद्यानं हात टेकले. केस विंचरता येईनात, भाताचा घास डाव्या हातानं खावा लागे. गुरुपूजा जवळ येत होती. त्या दिवशी फुलांचं तबक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून स्वतःच फळीवर ठेवायचं असतं. ज्याला ते जमत नाही, त्यानं गुरूंची रजा घ्यायची आणि काम सोडायचं. म्हातारा कुणापाशी बोलत नव्हता, पण आतून खचला होता. आपल्या पायानं हे घडलं, हे बुआखमच्या मनातून जात नव्हतं.

तीही दिवसभर शिडीवरच असे. संध्याकाळी चुलीपाशी बसून ती मला आपल्या पोटऱ्यांवर चालवी. आवाज पडवीत जाई.

"हाडावर गेलीस," एकदा बाहेरून इन्ताबाबांचा आवाज आला. "अलीकडे घे."

तिनं अलीकडे घेतलं. काही दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी ती मला घेऊन थेट पडवीत आली.

"बाबा, कुशीवर व्हा."

"ओलांडलेली मोगरी मला लावतेस?"

"मेली ना ती? तुम्हीच म्हणालात. मग मेलेलीला कसला विटाळ? आता ती चुलीपुढची वस्तू आहे. गुरूंनी रागवायचं कशावरून?"

म्हाताऱ्यानं मला नाकाशी धरून मिरचीचा वास घेतला.

"तू तोंडाची तिखट आहेसच," ते म्हणाले, "निदान मोगरी तरी धुऊन आण."

तेव्हापासून ते रोज कुशीवर पडत, ती ठोके देई आणि ते चुका काढत. खांद्याच्या फऱ्याची कड सोड, तिच्या आतल्या बाजूनं चल, दुखलं तर थांब. सकाळी तिनं त्यांना भिंतीपाशी उभं करून बोटं मुंगीसारखी वर चढवायला लावली. पहिल्यांदा मुंगी छातीपाशीच अडली. दुखण्यानं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. उंची वाढवायला ते लबाडीनं टाचा उचलत, आणि बुआखम म्हणे, "टाचा खाली, बाबा." हळूहळू मुंगी हनुवटीपर्यंत आली, मग कानापर्यंत.

गुरुपूजेला सगळी आळी जमली. इन्ताबाबांनी तबक उचललं. हात कपाळापर्यंत गेले, डोक्यावर गेले आणि फळीच्या जरा खाली थांबले. म्हाताऱ्यानं हळूच टाचा उचलल्या. बुआखमनं ते पाहिलं आणि ती काही बोलली नाही. तबक फळीवर टेकलं.

मग मला स्वच्छ पुसून तिनं पुढे केलं. आता हिलाही वर ठेवा, असं तिच्या मनात होतं.

"वर नको," इन्ताबाबा म्हणाले. "वर ठेवली की नुसती फुलं मिळतात. चुलीपाशीच असू दे, रोज हाताशी राहील. आणि उद्यापासून बायांना तू बघ."

मित्रांनो, मी लाकूड आहे, आनंद वगैरे मला फारसा होत नाही. त्या दिवशी मात्र झाला. तुमच्या घरी मोगरी नसेल, पण हात आहेत, भिंत आहे. सांधा कुरकुरला की त्याच दिवशी त्याचं ऐका, सणाची वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशी बाया उजाडताच पडवीत येऊन बसल्या. बुआखमनं त्यांना थांबायला सांगितलं. ती भिंतीपाशी गेली आणि आधी स्वतःचा खांदा मोकळा करू लागली.