वळणावरची दगडं

उसाचा हंगाम सुरू झाला की माझं डोकं ठिकाणावर नसतं. गावातले पुरुष खुशीत असतात, ट्रॅक्टर धावत असतात, नि मी रोज संध्याकाळी दारात उभी राहून रस्त्याकडं बघत असते. लोक म्हणतात, महानंदाबाई फार फिकर करतात. करते मी. बारावीतली माझी पोरगी शिवानी किल्लारीहून सायकलवर घरी येते, आणि तो रस्ता सिमेंटचा झाल्यापासून गाड्या त्यावर धावत नाहीत, उडतात. मागच्या हंगामात पाटीजवळ, गावाच्या फाट्यावर, एक दूधवाला सायकलसकट गेला. त्याला उडवणारा जामिनावर सुटला आणि आज त्याच रस्त्यानं त्याच वेगानं जातो. कायदा आहे म्हणतात. असेल, पण आमच्या वळणावर तो कधी उभा राहिलेला मी पाहिला नाही.

संध्याकाळी बसचा भरवसा नाही, आणि जीपवाले पोरींना कोंबड्यांसारखं कोंबतात. म्हणून सायकल. पण मी एक नियम घालून दिला होता, एकटीनं यायचं नाही, ग्यानोबाच्या मागं मागं यायचं. ग्यानोबा आमच्या शेजारचा. कारखान्यावर वॉचमन, आणि त्याची दिवसपाळी शिवानीचा क्लास सुटायच्या वेळेलाच संपते. सायकल इतकी हळू चालवतो, की पायी जाणारा माणूस पुढं निघून जावा.

"आई, मामाच्या मागं ऱ्हायचं म्हंजे बैलगाडीमागं मोटार गं," शिवानी कुरकुरायची.

"ऱ्हाऊ दे. मोटारीला घाई न्हाई," मी म्हणायची.

त्या दिवशी शिवानीचे अप्पा कारखान्यावर ऊस टाकून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन आले, ते हात कोपरापर्यंत काळे करूनच. मी तव्यावर भाकरी टाकली होती.

"उशीर केलाव?" मी विचारलं.

"पुलाच्या वळनाला मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं. तिथं उतार हाय, जॅक बसंना. लई बेजार झालो."

"भर रस्त्यात हुबा केलता ट्रॅक्टर?"

"मग काय खिशात घालू? दगडं लावली की भवताली. ही एवढाली."

रस्ता सुरक्षा सप्ताहात साहेब लोकांनी ट्रॅक्टरवाल्यांना लाल चमकणारे त्रिकोण वाटले होते. गाडी बंद पडली की मागं ठेवायचे, अंधारात लांबून दिसतात. आमचा त्रिकोण घरात फडताळावर होता, प्लास्टिकच्या पिशवीत. नवाकोरा आहे, रस्त्यावर ठेवला तर कुणीतरी पळवेल, असं शिवानीच्या अप्पांचं म्हणणं. वस्तू जपण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही.

भाकरी उलटताना माझ्या मनात आलं नि मी विचारलं, "निघताना दगडं उचललाव का?"

"कोन उचलतंय? टायर बदललं, निघालो. लोकं बघून जातेत की."

माझा हात तव्याला लागला तरी कळलं नाही. गरज सरो नि वैद्य मरो! ट्रॅक्टर, ट्रक, टेम्पो, आमच्याकडं सगळ्यांची हीच रीत. ट्रॅक्टर उभा असतो तोवर दगडांना काही अर्थ असतो. तो निघून गेला की रस्त्यात उरतात नुसती दगडं, आणि अंधारात ती कुणाला दिसत नाहीत. मी बाहेर पाहिलं. दिवस मावळला होता. शिवानी आता त्याच वळणाच्या आसपास असणार.

मी तिला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. सायकलवर असताना फोन घ्यायचा नाही, असं मीच तिला बजावलं होतं. पुन्हा लावला. माझ्याच शिकवणीचा मला इतका राग कधी आला नव्हता.

"उठा, दगडं काढून यू."

"दोन घास खाऊ तरी दे."

"उठा म्हनते न्हाई का!" मी ओरडले. असं मी त्यांच्यावर कधी ओरडत नाही. ते उठले.

मोटारसायकलवर मागं बसून मी येणारी प्रत्येक सायकल बघत होते. एक म्हातारा गेला, मग गवताचा भारा घेतलेला एक जण. शिवानी नाही, ग्यानोबा नाही. इतक्यात समोरून एक पांढरी गाडी इतक्या जोरात आली की आमची मोटारसायकल हेलकावली. गाडीचा एकच दिवा लागलेला होता, दुसरा फुटलेला.

"बल्ब गेला आसंल," शिवानीचे अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. देवा महादेवा, माझी पोरगी तेवढी राख, मला दुसरं काही नको, एवढंच मी म्हणत होते. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या तोंडी आलं नाही, हे खरं आहे.

पुलाच्या वळणावर माणसं जमली होती. एक सायकल घडी घातल्यासारखी मोडून पडली होती. तिला पुढं आडवी दांडी होती, म्हणजे पुरुषी सायकल. ते दिसताच मला श्वास घेता आला. मग शिवानी दिसली. पुलाच्या कठड्याला टेकून बसली होती, ग्यानोबाचा डबा मांडीवर घेऊन.

"वाचली गं बाई, वाचली!" मी तिला छातीशी धरून मोठ्यानं म्हणाले. आणि मान वळवली, तर तिथंच, कुणाच्या तरी शालीखाली ग्यानोबा झाकलेला होता. तोंडातून गेलेले शब्द मागं घेता येत नाहीत.

माणसं गाडीवाल्याला शिव्या घालत होती. कुणीतरी फोन करून पुढच्या पाटीवर गाडी अडवली होती. शिवानीचे अप्पा मात्र खाली वाकले होते. रस्त्यावरचा एकेक दगड उचलून ते पुलाखाली टाकत होते. लोकांना वाटलं, चांगला माणूस आहे.

"अप्पा, आता कशाला उचलायलाव?" शिवानीनं विचारलं. त्यांनी पुढचा दगड उचलला.

मी जवळ गेले. ते हळूच म्हणाले, "गाडीवाल्यानं मारलं, महानंदा. आपून न्हाई. गाडी बी घावली. आपला काय संबंध?"

गाडीवाल्यानंच मारलं, ते खरंच होतं. मला पोरगी मिळाली होती, ती घेऊन घरी जायचं होतं, दार लावायचं होतं. एवढंच हवं होतं मला.

पोलिसांची गाडी आली, तशी साक्षीची भानगड नको म्हणून माणसं मागं सरकली. शेजारच्यांनी केवळाबाईला, ग्यानोबाच्या बायकोला, आणलं. तिचं रडणं मी सांगणार नाही. रडून रडून ती शिवानीजवळ बसली, तिच्या मांडीवरचा डबा बघितला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू बरी हायस नव्हं, बाळा? मामा घरी आला की सांगायचा मला, महानंदाबाईची पोरगी माज्या भरवशावर हाय म्हनून."

जमादार वही घेऊन शिवानीसमोर उभा राहिला. "गाडीवाला सांगालाय, सायकल एकदम मधी आली. तू मागंच होतीस ना, पोरी? मधी कशाला गेला हा?"

"दगडं होती रस्त्यात. मामा म्हनले, तू थांब, आधी मी पुढं होतो. ते चुकवायला गेले नि गाडी आली. लई जोरात आली."

जमादारानं बॅटरी मारली. रस्ता झाडून घेतल्यासारखा स्वच्छ होता.

"कुठं हायत दगडं?"

शिवानीनं रस्त्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. तिला सगळं कळलं होतं. अप्पा मान खाली घालून हाताची माती झटकत होते.

"हुती... हितंच हुती," ती म्हणाली. मांडीवरचा डबा तिनं घट्ट धरला.

"पोर घाबरलीय," जमादार मागच्या शिपायाला म्हणाला. "लिही, सायकलस्वार अचानक रस्त्याच्या मधी आला."

जो माणूस बैलगाडीच्या चालीनं सायकल चालवायचा, तो अचानक मधी आला! माझ्या पोरीला मागं थांबवून तो पुढं झाला होता, आणि आता कागदावर चूक त्याची होणार होती. वर माझी पोरगी खोटी ठरणार होती, सगळ्या गावासमोर, केवळाबाईसमोर.

"असं लिहू नका," मी म्हणाले. "दगडं हुती. पुलाखाली टाकलीत, बॅटरी मारून बघा. हितं ट्रॅक्टरचं टायर बसलं हुतं, तवा लावलेली."

"ट्रॅक्टर कुनाचा?"

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, सगळे हसले होते, त्यानंतर कधी नाही. शिवानीचे अप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांना वाटत असावं, हिच्या तोंडून नाव निघणार नाही.

"उमाशंकर वीरभद्र बिराजदार," मी म्हणाले. "माझे मालक."

जमादारानं नाव पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. केवळाबाई माझ्याकडं बघत राहिली, आणि मग शिवानीच्या डोक्यावरचा हात तिनं काढून घेतला.