डाव्या हाताची कापणी

तळ्याचा राखणदार तसा कडक माणूस, पण मावशीपुढे त्याचं काही चालत नसे. आईमागे तिनेच त्याला वाढवलं, तेही लव्हाळ्याच्या चटया विणून. दोन वर्षांपूर्वी पाणपक्ष्यांच्या घरट्यांसाठी तळं बंद झालं, लव्हाळा कापायला मनाई आली, आणि कुंपण घालायचं काम नेमकं भाच्याच्याच वाट्याला आलं. तेव्हापासून मावशी त्याला साहेब म्हणायची. "साहेब, जेवायला वाढू का?" बिचाऱ्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

गंमत अशी, की कुंपण झालं आणि घरटी वाढायची सोडून घटलीच. यंदा मोजणीसाठी तो होडी घेऊन आत शिरला, तर लव्हाळा इतका माजलेला, की वल्हं हलेना. शेवटी एका कोपऱ्यात मोकळं पाणी लागलं. कुणीतरी लांबलचक पट्टा चोरून कापला होता. आणि त्याच पट्ट्याच्या दोन्ही कडांना घरटी! अकरा. बाकीच्या अख्ख्या तळ्यात तीन.

त्याने वाकून एक खुंट पाहिला, मग शेजारचे दोन-चार पाहिले. काप उलट्या बाजूला उतरता होता. डाव्या हाताने विळा चालवणारी बाई गावात एकच.

"मावशे, तळ्यात तू गेली होतीस?"

"पाखरं यायच्या आधी, थंडीत. आता कशाला जाईन?" मावशीने विणकामातून मान वर केली नाही. "गच्च लव्हाळ्यात पाखरू उतरणार कुठून नि पिलांना भरवणार कसं? आम्ही दरसाल एक पट्टा कापायचो, दोन राखायचो. कुंपण घालताना विचारलंत का कुणाला?"

नव्हतं विचारलं. आणि तो तर याच चटयांवर रांगला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

अहवाल द्यायलाच हवा होता. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने घरट्यांची हकिगत खरी लिहिली, पण 'कापणाऱ्याचं नाव' या रकान्यात 'अज्ञात' लिहून तिला वाचून दाखवलं.

मावशी उसळली. "अज्ञात? मग कसं कापायचं ते विचारायला येणार कुणाच्या दारात? माझं नाव घाल. पूर्ण."

"अगं, खटला होईल."

"होऊ दे. तू खोटं लिहावंस म्हणून नाही बोटं झिजवली मी."

त्याने आधी डोळे पुसले, मग नाव लिहिलं.

आठ दिवसांनी त्याच्या वरिष्ठ बाई स्वतः आल्या. घरटी पुन्हा मोजून मावशीच्या खोलीत चटईवर येऊन बसल्या. नियम मोडलाय, तेव्हा लेखी ताकीद मिळेल, असं त्यांनी बजावलं. पण पट्ट्यांची कापणी पुन्हा सुरू करून पाहू, विणणाऱ्यांच्याच हातून. "उद्यापासून जमेल?"

भाच्याचा जीव भांड्यात पडला. खोलीत लव्हाळ्याची शेवटची पेंढी उरली होती, हे त्याला दिसत होतं.

मावशीने मात्र मान हलवली.

"उद्या नको, बाई. आधी पिलं उडून जाऊ द्या."