न चाखता परतणारे तबक

मित्रांनो, मी एक जुने तांब्याचे तबक आहे. लांबट, जड आणि एका काठाला पोचा पडलेले. आज माझ्यात घराच्या किल्ल्या, सुटी नाणी आणि एक बंद पडलेले घड्याळ असते. पण एके काळी न्यूयॉर्कमध्ये एसेक्स रस्त्यालगतच्या गल्लीत माझ्या वासावर माणसे रांग लावत. वास माझा नव्हे, माझ्यावर रचलेल्या मांसाचा, हे मला कळते. पण फुकटचे कौतुक कोणाला नको असते?

पोलंडमधल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. तेव्हा मला फार दुखले, पण त्याशिवाय आकार येत नाही. थोरल्या मालकाने मला रजईत गुंडाळून जहाजातून अमेरिकेत आणले. वाटेत त्याने बायकोचे कानातले विकले, मला मात्र विकले नाही. या गल्लीत त्याने खानावळ काढली आणि मला काउंटरवर मानाची जागा दिली. त्याच्यामागे खानावळ तिघांकडे आली. मुलगी फ्रुमा, जावई कोपेल आणि धाकटा मुलगा अव्रूम. आई लवकर गेल्यामुळे अव्रूमला फ्रुमानेच भरवून मोठे केले होते.

काय दिवस होते ते. दुपारी पाय ठेवायला जागा नसे. मसाला चोळून धुरावलेले आणि मग तासन्‌तास वाफवलेले गोमांस कोपेल सुरीने हाताने कापी आणि वाफेसकट माझ्यावर रची. शेजारी शहाजिरे घातलेला पाव, झणझणीत मोहरीची चटणी, खारवलेल्या काकड्या. मग लेबिश नावाचा वेटर मला उचलून टेबलांमधून फिरे. लेबिशचे बोलणे ऐकून घेतल्याशिवाय आमच्याकडे कोणाला जेवण मिळत नसे, आणि ते ऐकायलाच निम्मे लोक येत.

"आज चांगलं काय आहे?" एखादा विचारी.

"आज? आज तू घरी थांबला असतास तर चांगलं झालं असतं. बस, सूप आणतो."

एकदा एका नव्या बाईंनी मांस खाऊन झाल्यावर कॉफीत दूध मागितले. आम्हा ज्यू लोकांत मांसाबरोबर दूध चालत नाही. लेबिशने मला टेबलावर ठेवले आणि तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, ती गाय एकदा मेली, तेवढं पुरे नाही का? आता तिच्याच अंगावर तिचं दूध ओतू?" सारी खानावळ हसली. बाई पुढे दर आठवड्याला येऊ लागल्या.

फ्रुमा खिडकीजवळ गल्ल्यावर बसे. तिला तिघे एका छपराखाली हवे होते, आणखी काही नको होते. तेवढेच तिला मिळाले नाही.

एक दिवस अव्रूम मांस कापायचे यंत्र घेऊन आला. कोपेलला ते पटले नाही. पटले नाही तर नाही, पण माणसाने जिभेला आवर घालावा. भर दुपारी, गिऱ्हाइकांनी भरलेल्या खानावळीत तो म्हणाला, "ज्याच्या हातात कसब नसतं, त्याला यंत्र लागतं. सासऱ्यांनी मला उगाच नाही शिकवलं."

अव्रूमचा चेहरा पांढरा पडला. पोटचा मुलगा तो होता, आणि बापाचे कसब जावयाच्या हातात गेले होते हे त्याचे जुनेच दुखणे होते. त्याने अंगावरचा एप्रन काढून काउंटरवर भिरकावला. त्या झटक्यात मी फरशीवर आपटले. काठाला पोचा पडला तो तेव्हाचा.

त्याने बरोबर समोरच्या बाजूला आपली खानावळ उघडली. गल्लीत आता दोन पक्ष झाले. इकडे जेवणारा तिकडे जेवत नसे. फ्रुमा गल्ल्यावर बसून काचेतून भावाला पाहत राही. तो बाहेर बर्फ काढायला आला की ती हातातले काम थांबवी.

आमचे नवे वर्ष शरदात येते. त्याच्या आदल्या दिवशी ती मला पुसून लख्ख करी. माझ्यावर गाईच्या शिजवलेल्या जिभेचे पातळ काप आणि मधाचा केक मांडी, वर पांढरे फडके घाली आणि म्हणे, "लेबिश, अव्रूमला नेऊन दे."

लेबिश रस्ता ओलांडी. अव्रूम फडके उचली, बराच वेळ आत पाही आणि पुन्हा झाकी. मग म्हणे, "तिला सांग, इथं कुणी उपाशी नाही."

आणि मी गेले तसे परत येई. मित्रांनो, रिकामे तबक हलके असते आणि भरलेले जड, हे सर्वांना ठाऊक आहे. पण न चाखता परतलेल्या तबकाचे ओझे वेगळेच असते. फ्रुमा माझ्याकडे पाही आणि म्हणे, "पुढच्या वर्षी खाईल." ते काप ती गिऱ्हाइकांना वाटून टाकी, स्वतः एकही तोंडात घालत नसे. कोपेल पाठ फिरवून सुरीला धार लावत बसे.

अशी वर्षे गेली. यंत्र समोरच्या खानावळीत घरघरत राहिले आणि आमच्याकडे सुरी चालत राहिली. दोघांचे केस पिकले. शेवटच्या शरदात फ्रुमा आजारी होती. शालीत गुंडाळून तिला गल्ल्यापाशी आणून बसवले, तरी फडके तिनेच घातले. मी नेहमीसारखे परत आले. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. पण हिवाळा सरायच्या आत ती गेली.

तिला पुरून आले त्या दिवशी गल्लीतल्या दोन्ही खानावळींची दारे लोटलेली होती. कोपेलला वरच्या घरात जाववेना, म्हणून तो खानावळीतच बसला. आमच्यात सुतक्याने खुर्चीवर बसायचे नसते. काकड्यांची एक बादली पालथी घालून तो तिच्यावर टेकला. कोटाची कॉलर रिवाजाप्रमाणे फाडलेली होती. थोड्या वेळाने दार वाजले आणि अव्रूम आत आला. त्याचीही कॉलर फाटलेली होती. सख्खी बहीण गेली, तिच्या घरी नाही तर तो दुसरीकडे कुठे बसणार? त्याने दुसरी बादली पालथी घातली आणि दूर कोपऱ्यात बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

आता आमचा एक नियम सांगते. माणसाला पुरून आल्यावर सुतक्याने पहिला घास स्वतःच्या घरचा खायचा नसतो. तो शेजाऱ्याने आणायचा. दुःखात बुडालेला माणूस जेवायचेच नाकारील, म्हणून त्याला भरवायचे काम दुसऱ्यावर टाकलेले आहे. गल्लीतल्या किती घरांत असा घास माझ्यावरून गेला असेल. पण त्या दिवशी कोपेलकडे कोणी काही आणले नाही. खानावळवाल्याच्या दारी अन्न नेणे म्हणजे समुद्रात पाणी ओतणे, असे प्रत्येकाला वाटले.

लेबिशने आत जाऊन अंडी उकडली. सुतकात अंडे देतात, कारण अंड्याला तोंड नसते आणि शोकालाही नसते. त्याने ती माझ्यावर मांडून मला कोपेलच्या मांडीवर ठेवले.

"अंडी कुणाची?" कोपेलने विचारले.

"कुणाची म्हणजे? आपली."

"आपली म्हणजे माझीच. मला चालत नाहीत."

लेबिश अव्रूमकडे वळला. अव्रूमजवळ बायकोने बांधून दिलेले गाठोडे होते. अंडी आणि गोल पाव. "आणि तुझं काय? ते तरी सोड."

"हेही घरचंच आहे," अव्रूम खाली बघत म्हणाला.

"वा. गल्लीतले दोन मोठे खानावळवाले, दोघांजवळ अन्न, आणि दोघे उपाशी. ती असती तर तुम्हा दोघांच्या कानाखाली वाजवली असती." एवढे बोलून लेबिशला हुंदका आवरेना. शेजारच्यांचे दार ठोठावायला म्हणून त्याने कोट घातला.

"थांब, लेबिश," कोपेल म्हणाला.

तो उठला. त्याने मला दोन्ही हातांनी धरले, खानावळ ओलांडली आणि मला अव्रूमच्या मांडीवर ठेवले.

"हे माझं आहे, मला चालत नाही," तो म्हणाला. "तुला चालेल. इथं दोन माणसं उपाशी आहेत, अव्रूम."

अव्रूमने माझ्याकडे पाहिले. मग गाठोडे सोडून त्याने ते कोपेलच्या हाती दिले. दोघे शेजारी शेजारी बसून मीठ न लावता अंडी खाऊ लागले.

"ती दरवर्षी पाठवायची," अव्रूम म्हणाला.

"पाठवायची ती. कापायचो मी."

"माहीत होतं मला. असा तिरका काप या गल्लीत दुसरं कोण घालतं? फडकं उचललं की कळायचं. मी म्हणायचो, एवढं निगुतीनं कापतो, तर स्वतः घेऊन का येत नाही?"

कोपेलने हातातला पाव मोडला. "मला वाटायचं, तू एक तुकडा खाल्लास की येईन," तो म्हणाला.

मग ते दोघे म्हातारे मोठ्याने रडले. मी अव्रूमच्या मांडीवर होते, माझ्यावर अंड्यांची टरफले होती. फ्रुमाला जे हवे होते ते घडत होते आणि ते पाहायला ती गल्ल्यावर नव्हती.

पुढच्या शरदात अव्रूम आमच्याकडे जेवायला आला. लेबिशने त्याला विचारले, "रस्ता सापडला वाटतं?" कोणी हसले नाही. कोपेलने जीभ कापली, अव्रूमने खाल्ली आणि गल्ल्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे दोघांनीही पाहायचे टाळले. असे नंतर थोडीच वर्षे झाले. मग दोघेही गेले, आणि दोन्ही खानावळी बंद झाल्या.

आता मी अव्रूमच्या नातीच्या घरी दाराजवळ असते. माझी कल्हई केव्हाच उडाली आणि पोच्यात धूळ साठते. पोरगी चांगली आहे, फक्त तिला मी कोण ते ठाऊक नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. तुमच्याही घरी असे एखादे तबक असेल, आणि समोर कोणाचे तरी दार असेल. त्या तबकावर काहीतरी वाढा. आणि ते कोणाच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन जा. आमचा रस्ता काही फार रुंद नव्हता.