होलुबच्या नावापुढचं शून्य

माझ्या वहीत चूक नसते. हे मी म्हणत नाही, सगळं क्रोनबर्ग गाव म्हणतं. मी फक्त त्यांना अडवत नाही. लाकडी पिंपांच्या कारखान्याचा आमचा व्यावसायिक बास्केटबॉल संघ होता, कूपर्स. त्याचे आकडे सहा हिवाळे मी लिहिले. कोणाचे किती बास्केट, किती फ्री थ्रो, किती फाउल. संघ बंद पडून एकोणतीस वर्षं झाली, खेळाडूंची पोटं सुटली, तरी वाद झाला की लोक अजून माझ्याच दारात येतात.

मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी आल्विन होलुबची नात आली. रोन्डा, सोळा वर्षांची. शाळेच्या मुलींच्या संघात खेळते आणि दार असं ठोकते की जणू घरात चोर लपलाय. वाचनालयाने कूपर्सच्या जुन्या सामन्यांची वर्तमानपत्रातली कात्रणं भिंतीवर लावली होती, त्यातलं एक तिने न विचारता काढून आणलं होतं. फेब्रुवारी १९४८, इंडियानातल्या मेरिडिन गावी झालेला सामना. आम्ही हरलो होतो, एकसष्ट-साठ. खाली खेळाडूंचे आकडे आणि शेवटची ओळ : होलुब, शून्य, शून्य, शून्य.

"आजोबा आयुष्यात एकच सामना खेळले," ती म्हणाली. "एकच नेम मारला आणि तो आत गेला, असं त्यांनी मला हजारदा सांगितलंय. मी अख्ख्या टीमला सांगून बसलेय. आता पोरी मला शून्याची नात म्हणतात. व्हर्ना आजी, एक तर आजोबा खोटं बोलतात, नाहीतर तुमची वही. कोण ते सांगा."

खरं काय ते मला पक्कं ठाऊक होतं. पाहुण्या संघाचीही स्वतःची वही असते, म्हणून मी बसने बरोबर गेले होते. आल्विन मध्यंतरापर्यंत बाकावरच होता. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खेळ पुन्हा सुरू होताना कोचने याला आत पाठवलं, पंचाने वर उडवलेला चेंडू पहिल्याच उडीत याच्या हातात आला, आणि हा पठ्ठ्या धावत सुटला तो थेट आपल्याच रिंगकडे. नेम सुरेख बसला. नियमाप्रमाणे ते दोन गुण जवळ उभ्या असलेल्या त्यांच्या हर्शेल प्रुइटच्या नावावर गेले. कोचने आल्विनला बाहेर काढलं ते कायमचंच.

परतताना कोचने सगळ्या बसला शपथ घातली की गावात याचा ब्र काढायचा नाही. पेपरला फोनवरून आकडे देणारी मीच, मीही गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. गावाने पराभवाचं खापर पंचावर फोडलं आणि सुखाने राहिलं.

आता ही पोर डोळे मोठे करून समोर उभी. खरं सांगितलं तर आल्विनची तिच्यासमोर मान खाली जाणार. खोटं सांगितलं तर माझी, सगळ्या गावासमोर.

"चूक माझी," मी म्हणाले. "त्या रात्री घाईत लिहिलं मी." दाढ उपटल्यासारखं वाटलं मला ते बोलताना.

संध्याकाळी सहाला हॅटीच्या बारमध्ये नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला सगळे जमले होते. तोवर बातमी पसरली होती. बारमागे हॅटीचा नवरा बड उभा असतो. मी बसताच त्याने सुरुवात केली की त्याच्या भावाचे शेहेचाळीस साली चौदा गुण होते आणि मी बारा लिहिले होते. मग दुसऱ्याला कोणाचा तरी फाउल आठवला. एकदा चुकली ती कितीदा चुकली असेल, यावर हसत हसत चर्चा झाली. मी बटाट्याचं सॅलड गिळत होते आणि आतून फणफणत होते. आल्विन नातीला घेऊन शेजारच्या टेबलाशी बसला होता, त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याच्यापुढे लोकांनी अभिनंदनाचे तीन ग्लास ब्रँडी आणून ठेवले होते.

त्याने एकालाही हात लावला नाही. तो उठून उभा राहिला.

"व्हर्नाची वही बरोबर आहे," तो म्हणाला. "मी नेम मारला, तो आत गेला. फक्त रिंग आपली होती."

बडने हातातला ग्लास गल्ल्यावर ठेवला. मग बड म्हणाला, "आल्विन, आपण एका गुणाने हरलो होतो."

"हो."

"आणि मी एकतीस वर्षं त्या पंचाच्या आईबापाचा उद्धार करतोय."

कोणीतरी विचारलं, तुला कोणी अडवलं कसं नाही?

"प्रुइट समोरच होता," आल्विन म्हणाला. "त्याने बाजूला होऊन वाट दिली. मला वाटलं, घाबरला."

सगळ्या बारमध्ये हशा फुटला. बड गल्ल्यावर डोकं टेकून हसत होता, हॅटी डोळे पुसत होती. मीही हसले, पोट दुखेपर्यंत. आल्विन मात्र हसत नव्हता. तो नातीकडे बघत होता. ती लालबुंद झाली होती.

"वही आणा," ती मला म्हणाली.

माझं घर समोरच. मी आणली. चेंडू ज्याच्या हातून सुटेल त्याच्या नावापुढे मी एक रेघ मारत असे आणि आत गेला तर तिच्याभोवती गोल. गुण मग नियमाने कोणाच्याही खात्यात जावोत. रोन्डाने ते पान बोटाने ओळ न् ओळ वाचलं. प्रुइट, तेवीस रेघा, आठ गोल. आमचा सगळ्यात मोठा खेळाडू, एकोणीस रेघा, सात गोल. शेवटी तिचं बोट होलुबवर थांबलं. एक रेघ, तिच्याभोवती गोल.

"एकात एक," ती म्हणाली. "शंभर टक्के. अख्ख्या सामन्यात एकही नेम न चुकलेलं दुसरं कोणी आहे का, व्हर्ना आजी?"

मी चष्मा लावून दोन्ही संघांचे अठरा जण तपासले. कोणी नव्हतं.

तसं सांगितल्यावर आल्विन खाली बसला आणि त्याने तिला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. तिने वाचलं, या वेळी बारच्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्या पानाच्या उभ्या बेरजा मी शेकडो वेळा तपासल्या होत्या. आडवं वाचायचं मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं.